तुमचे प्रश्न : व्हीसीआर कुठला घेऊ, कॅसेट कुठली भरू?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेट भंगारात देऊ नका, तर त्यावर इतके मेल आले की यावेळी अख्खं सदर व्हीसीआरलाच देऊन टाकलंय. मला वाटलं होतं सगळे कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं तेच विचारतील, पण बऱ्याच जणांना अजूनही रेकॉर्ड करायचंय, कुणाला वडिलांसाठी, कुणाला फिल्मसाठी, आणि ते वाचून मला खरंच फार बरं वाटलं. बावीस वर्षं मी टीव्ही-व्हीसीआर रिपेअरिंगचं दुकान चालवलं, त्या अनुभवावरून सांगतोय. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, पण सारखे प्रश्न एकत्र घेतलेत.

नाशिकहून एक ताई लिहितात : बाबांना नाट्यसंगीत आणि कीर्तनं टीव्हीवरून रेकॉर्ड करायची फार हौस होती, शंभरेक कॅसेट आहेत घरात. त्यांचा व्हीसीआर २००५ च्या सुमाराला बंद पडला तो पडलाच. आता त्यांना ७५ पूर्ण होतायत तर एक चालू व्हीसीआर घेऊन द्यायचाय, म्हणजे जुन्या कॅसेट बघतील आणि नवीन भरतीलसुद्धा. ऑनलाइन जाहिरातींत कुणी लिहितं टू हेड, कुणी फोर हेड, कुणी हायफाय. काय बघून घेऊ?

ताई, आधी हे सांगतो की नवीन व्हीसीआर आता मिळणार नाही. जपानची फुनाई ही शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणारी कंपनी, तिनेही जुलै २०१६ मधे बनवणं थांबवलं, म्हणजे तुम्ही जे घ्याल ते किमान दहा वर्षं जुनं आणि बहुतेक करून पंचवीस-तीस वर्षं जुनं असणार. त्यामुळे कंपनी आणि मॉडेल यापेक्षा ते मशीन कुणाच्या घरात कसं वापरलं गेलं याला जास्त किंमत आहे. कपाटात झाकून ठेवलेलं साधं मशीन मी डोळे झाकून घेईन पण व्हिडिओ लायब्ररीत रात्रंदिवस पळालेलं महागडं मॉडेल नाही घेणार.

आता हेडचं. व्हीसीआरच्या आत ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकाकणारा ड्रम असतो, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ वेळा फिरतो, आणि त्याच्या कडेला समोरासमोर दोन बारीक हेड म्हणजे टेपवर चित्र भरणारी आणि वाचणारी टोकं बसवलेली असतात. टेप सरकते अगदी हळू पण ड्रम गरगर फिरत असल्यामुळे हेड टेपवर तिरक्या रेघा मारत जातं, एका रेघेत अर्धं चित्र, आणि ही रेघ असते ४९ मायक्रॉन रुंद म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. मी हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की त्या रेघेशी हेड जुळलं तरच चित्र दिसतं, थोडं सरकलं की स्क्रीनवर मुंग्या. टू हेड मशीन एसपी म्हणजे नेहमीच्या स्पीडला उत्तम चालतं, त्यात काहीही कमी नाही. फोर हेडमधे आणखी एक जोडी असते ती मुख्यतः एलपी म्हणजे अर्ध्या स्पीडसाठी, आणि त्यामुळे चित्र थांबवलं तरी स्वच्छ दिसतं. बाबांनी कधी एलपीवर रेकॉर्ड केलं असेल तर फोर हेडच घ्या, नसेल तर चांगल्या स्थितीतलं टू हेड मिळालं की थांबू नका.

हायफायबद्दल मात्र माझं मत ठाम आहे कारण तुमचे बाबा संगीत भरणार आहेत. साध्या व्हीसीआरमधे आवाज टेपच्या कडेला एका पट्टीत भरला जातो आणि टेपचा स्पीड असतो सेकंदाला २.३४ सेंटिमीटर, आपल्या गाण्याच्या ऑडिओ कॅसेटचा असतो ४.७६, म्हणजे बघा निम्म्याहून कमी, मग तबल्याची धार आणि सतारीची झंकार कुठून येणार? १९८३ च्या सुमाराला हायफाय व्हीसीआर आले त्यात आवाजसुद्धा फिरत्या ड्रमवरूनच भरतात, चित्राच्या रेघेखाली खोलवर, आणि तो आवाज खरोखर ऐकण्यासारखा असतो. शिवाय हायफाय मशीन कडेच्या पट्टीतही आवाज भरतंच, म्हणजे ती कॅसेट उद्या साध्या मशीनमधे घातली तरी चालते. नाट्यसंगीत भरायचं असेल तर हायफायसाठी चार पैसे जास्त गेले तरी द्या.

दुकानात किंवा कुणाच्या घरी बघायला जाल तेव्हा दोन कॅसेट बरोबर न्या, एक भरलेली जी चांगली आहे हे तुम्हाला माहितीये (पण लग्नाची नको, नुकसान झालं तर परत मिळणार नाही) आणि एक कोरी. विकणारा नेहमी प्ले करून दाखवतो आणि माणूस खूश होतो. पण हेड झिजलं की आधी रेकॉर्डिंग बिघडतं, प्ले बरंच नंतर बिघडतं, म्हणून कोऱ्या कॅसेटवर दहा मिनिटं रेकॉर्ड करून तिथेच बघा. मग कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा, मधे अडखळत असेल किंवा शेवटी दमल्यासारखी थांबत असेल तर आतली रबराची चाकं आणि बेल्ट कडक झालेत, ते बदलून मिळतात पण तसं असेल तर किंमत कमी करून घ्या. कॅसेट बाहेर काढल्यावर बाजूचं बटण दाबून झाकण उचला आणि टेपची कड बघा, चुरगळली असेल तर ते मशीन सोडून द्या, कितीही गोड बोलले तरी. आणि रिमोट आहे का विचारा कारण नंतरच्या मॉडेलमधे घड्याळ, ट्रॅकिंग (हेड रेघेशी जुळवायची सोय), बाहेरून सिग्नल घ्यायचं सेटिंग यातलं बरंच काही रिमोटवरच असतं आणि तो नसला की मशीन अर्धवट वापरता येतं.

पुण्यात तपकीर गल्लीत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या जुन्या रिपेअरवाल्यांकडे विचारत राहा. रिपेअरवाल्याकडून घेतलं तर थोडं महाग पडेल, पण साफसफाई करून रबर बदलून मिळत असेल तर तेच स्वस्त.

अकोल्याहून एक वाचक : मामांचा व्हीसीआर आणला, कॅसेट छान लागते, पण टीव्हीवरचं रेकॉर्ड केलं तर नुसत्या मुंग्या. मशीन खराब आहे का?

मशीन बहुतेक ठणठणीत आहे. व्हीसीआरमधला ट्यूनर अँटेनावरचं किंवा जुन्या केबलचं अॅनालॉग सिग्नल पकडायचा, आता केबलही सेट-टॉप बॉक्सवर गेली आणि दूरदर्शनचं अँटेनावरचं जुनं प्रक्षेपणही जवळपास सगळीकडे बंद झालं, मग त्याने पकडायचं काय? सेट-टॉप बॉक्सच्या मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना व्हीसीआरच्या ‘इन’ मधे लावा आणि व्हीसीआरवर चॅनल शून्याच्याही मागे नेलं की एव्ही म्हणजे या पिनांवरचं सिग्नल येतं (काही मशीनवर त्यासाठी वेगळं बटण असतं). बॉक्सच्या सेटिंगमधे चित्राचा आकार ४:३ करून ठेवा नाहीतर कॅसेटवर सगळे लांबट चेहऱ्याचे दिसतील. एक अडचण मात्र राहते, व्हीसीआरचा टायमर लावला तरी बॉक्स आपोआप चॅनल बदलत नाही, तेव्हा बॉक्स हव्या त्या चॅनलवर चालू ठेवूनच झोपा. आणि लाइट गेले की बऱ्याच मशीनचं घड्याळ आणि टायमर पुसलं जातं, अकोल्यात उन्हाळ्यात हे होणारच, शक्य असेल तर छोट्या यूपीएसवर ठेवा.

रत्नागिरीहून एक काकू : मिस्टरांनी दुबईहून आणलेल्या दहा कोऱ्या कॅसेट सीलबंद सापडल्या, ई-१८० लिहिलंय. नातवाला हव्यात. एवढ्या वर्षांनी चालतील का? आणि भरलेल्या काही कॅसेटवर पांढरं काहीतरी दिसतंय.

काकू, आधी त्या पांढऱ्याचं बोलतो कारण ते तातडीचं आहे. ती बुरशी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटला ती लागतेच, काचेतून बघितलं तर गुंडाळीच्या कडेवर पांढरे धागे किंवा ठिपके दिसतात. अशी कॅसेट मशीनमधे अजिबात घालू नका, एकही नको, कारण बुरशी हेडला आणि टेपला वाट दाखवणाऱ्या गाइडला लागते आणि मग त्यात घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही जाते. माझ्या दुकानात दर वर्षी गणपतीच्या आधी अशी मशीन यायची, घरचे सांगायचे की परवापर्यंत छान चालत होता, आणि उघडून बघावं तर सगळ्या वाटेवर पांढरट चिकट थर. त्या कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून कोरड्या जागी ठेवा, साफ करणारे लोक आहेत, ते कॅसेटचे पाच स्क्रू उघडून टेप कोरडी पुसून घेतात, घरी प्रयोग नको.

आता कोऱ्या कॅसेट. सीलबंद प्लॅस्टिकच्या आत दमट हवा जातच नाही असं नाही, तरी कपाटात आडोशाला असतील तर चालायची शक्यता चांगली आहे, चांगल्या कंपन्यांच्या व्हीएचएस (म्हणजे याच घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या) टेप टिकाऊ निघाल्यात. सील फोडा, काचेतून बघा, गुंडाळी सपाट आणि एकसारखी काळी-तपकिरी दिसायला हवी. झाकण उचलून वास घ्या, आंबूस किंवा मेणचट वास आला तर बाजूला ठेवा. ठीक वाटली की मशीनमधे घालून एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवा, मगच भरा. वर्षानुवर्षं एकाच ताणात गुंडाळलेली टेप आत एकमेकांना घट्ट बसलेली असते, ती एकदा मोकळी झाली की सारखी चालते. हे मी नवीन कॅसेटलाही करायला सांगायचो, लोक कंटाळा करायचे.

ई-१८० म्हणजे पालच्या नेहमीच्या स्पीडला १८० मिनिटं. ई-२४० मधे चार तास मावतात पण त्याच डबीत जास्त लांबी बसवायची म्हणून टेपच पातळ केलेली असते, ई-३०० मधे तर आणखी पातळ. पातळ टेप ताणली जाते, जुन्या मशीनमधे अडकली की चुरगळते. म्हणून महत्त्वाचं काही भरायचं असेल तर माझं मत पहिल्यापासून एकच, ई-१८०, आणि स्पीड एसपी. टीडीके, मॅक्सेल, फुजी, सोनी, जेव्हीसी, बीएएसएफ यांतलं जे खरं मिळेल ते घ्या, डबीवर एचजी म्हणजे हाय ग्रेड लिहिलं असेल तर उत्तम, पण साध्या आणि हाय ग्रेडमधे जेवढा फरक डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी पट फरक खऱ्या आणि डुप्लिकेट कॅसेटमधे दिसतो.

आणि डुप्लिकेट खूप होत्या. नव्वदच्या दशकात नावाजलेल्या कंपन्यांचं वेष्टण छापून आत कसलीही टेप भरलेली असायची, कधी दुसऱ्याच कशातून काढलेली वापरलेली टेप, कधी लांबीच कमी. ऑनलाइन जुना साठा म्हणून विकतात त्यात त्याच आहेत अजून. छपाई अंधुक, स्पेलिंगमधे एखादं अक्षर चुकलेलं, डबी हलकी आणि हलवली की खुळखुळते, झाकण वाकडं बसलेलं, अशी असेल तर घेऊ नका. भरून बघितल्यावर चित्रात सतत पांढऱ्या आडव्या चिरा चमकत असतील तर तिथे टेपवरचा चुंबकीय लेप उडालाय, त्याला ड्रॉपआउट म्हणतात. एखाददुसरी चीर चांगल्या टेपवरही येते. पण सतत येत असेल तर तो लेप सुटून तुमच्या हेडवर बसतोय हे लक्षात घ्या, अशी कॅसेट फुकट मिळाली तरी महाग पडते.

ठेवताना पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, पूर्ण मागे गुंडाळून, डबीत बंद, स्पीकरपासून लांब. रत्नागिरीत पावसाळ्याचे चार महिने हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्या तर उत्तम, आपण पापड ठेवतो तसं. आणि नातवाला सांगा पावसाळ्यात मशीन लावलं की अर्धा तास नुसतं चालू ठेव, मग कॅसेट घाल, ड्रमवर दव धरलं असेल तर टेप त्याला चिकटते आणि गुंडाळली जाते.

सांगलीहून एक वाचक : एप्रिल १९९८ मधे शारजाला सचिनने लागोपाठ दोन शतकं केली ना, त्या दोन्ही मॅच पप्पांनी पूर्ण रेकॉर्ड केल्या होत्या. पप्पा आता नाहीत. मित्राच्या व्हीसीआरवर लावली तर चित्रभर पट्टे आणि आवाज घरघर. कॅसेट गेल्या का? डबीवर ई-२४० आहे.

तुमचा मेल मी दोनदा वाचला. २२ तारखेच्या १४३ आणि २४ तारखेच्या १३४, त्यातली २२ तारखेची वाळूच्या वादळाची मॅच मीही दुकानात सगळे टीव्ही लावून बघितली होती, रस्त्यावर गर्दी. कॅसेट गेल्या नसाव्यात. पप्पांनी ई-२४० वर एलपी स्पीड लावला असणार, कारण अख्खी वनडे सात-साडेसात तासांची आणि एलपीवर ई-२४० मधे आठ तास मावतात, मधे कॅसेट बदलायला उठायला नको. एक बॉल चुकू नये म्हणून केलेलं ते गणित होतं आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पण एलपीत होतं काय की टेप निम्म्या स्पीडने सरकते, त्यामुळे ती बारीक रेघ आणखी निम्मी होते, साधारण २४ मायक्रॉन. तेवढ्या रेघेवर स्वतःचं मशीन बरोबर चालतं कारण रेघ त्यानेच मारलेली असते. दुसऱ्या मशीनचे गाइड केसभर वर-खाली असले की ते शेजारच्या रेघेत घुसतं आणि पट्टे येतात, आणि मित्राचं मशीन टू हेड असेल ज्यात एलपीच नाही, तर त्यात ती लागणारच नाही. म्हणून आधी पप्पांचंच मशीन शोधा. घरात आहे का, कुणाला दिलं होतं का, बंद असलं तरी चालेल. ज्या मशीनने भरली त्यानेच ती सगळ्यात चांगली वाचेल आणि बंद मशीन दुरुस्त करणं हे या कॅसेटसाठी पैसे घालण्यासारखं काम आहे. ते नाहीच मिळालं तर फोर हेड, एलपी असलेलं मशीन घ्या, ट्रॅकिंग हाताने हळूहळू फिरवून बघा, आणि तरी नाही जमलं तर जुन्या जाणत्या मेकॅनिककडे जा जो ड्रमच्या दोन बाजूंचे गाइड तुमच्या कॅसेटप्रमाणे थोडे फिरवून जुळवेल. हे काम दुसऱ्या एलपी कॅसेटवर करून बघा आणि मग पप्पांची घाला. जुळलं की त्याच बैठकीत कॉम्प्युटरवर घ्या, पुन्हा लावू म्हणून ठेवू नका. व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमधे घेणारं यूएसबीचं कॅप्चर कार्ड लागेल, सेटिंगमधे पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. आवाज तोच घरघरीत राहील, एलपीत टेपच सेकंदाला सव्वा सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही, पण कॉमेंट्री कळेल.

आणि त्या कॅसेटची मागची पट्टी तोडलेली आहे ना बघा. नसेल तर आत्ता उठून तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तर परत येणार नाही.

विरारहून फिल्मचं शिक्षण घेणारा एक विद्यार्थी : काका, शॉर्ट फिल्म १९९१ मधे घडते, त्यातलं घरगुती व्हिडिओ शूटिंग मोबाइलच्या फिल्टरने खोटं वाटतं. मोबाइलवर शूट करून खऱ्या व्हीएचएसवर भरून परत घेता येईल का? लूकसाठी मुद्दाम खराब कॅसेट वापरू का?

बाळा, खराब कॅसेट नको, हात जोडून सांगतो. तुला जो लूक हवाय तो चांगल्या कॅसेटवरच मिळेल. व्हीएचएसवर आडवी तपशिलाची ताकद साधारण २४० रेघांची, रंगाची तर त्याहून फार कमी, म्हणून लाल साडी कडेबाहेर सांडल्यासारखी दिसते, केसांच्या बटा एकमेकीत मिसळतात. ते सगळं पद्धतीतच आहे. खराब टेपवर फक्त चिरा येतात आणि मशीन जातं, आणि १९९१ मधे लग्नाचं शूटिंग करणारा माणूस चांगलीच कॅसेट घालायचा, ग्राहकाकडून पैसे घेतलेले असायचे.

मोबाइलचं चित्र एचडीएमआयमधून काढून छोट्या कन्व्हर्टरने पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांवर आण. त्या कन्व्हर्टरच्या डबीवर एक बारीक स्विच असतो, पाल आणि एनटीएससी (ती अमेरिकेची पद्धत), तो पालवर कर, निम्मे लोक तिथेच चुकतात आणि मग व्हीसीआरला नावं ठेवतात. शूट करतानाच ४:३ च्या चौकटीत मांडणी कर आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेव. भरायला सुरुवात करायच्या आधी कॅसेटची पहिली मिनिटभर जागा सोड, कारण सुरुवातीचा भाग सगळ्यात जास्त हाताळला जातो. अजून जुनाट हवं असेल तर एका कॅसेटवरून दुसऱ्यावर कॉपी कर, दर कॉपीला रंग थोडे फिकट आणि कडा थोड्या हलत्या होतात, त्या काळातल्या कितीतरी घरांत नातेवाइकांकडच्या कॉपीच्याच कॉपी असायच्या. लग्नाची मूळ कॅसेट नवऱ्याकडे आणि कॉपी नवरीच्या माहेरी, त्यातला फरक तुझ्या गोष्टीत कुठे वापरता आला तर बघ.

एक बारकावा, पॉझ करून परत रेकॉर्ड केलं की मशीन थोडी टेप मागे घेऊन जोड लावतं, पण स्टॉप करून मधेच नवीन भरलं की सांध्यावर काही सेकंद इंद्रधनुष्यासारखे रंग वाहतात. पुसायचं हेड ड्रमच्या अलीकडे असतं, त्यामुळे सांध्याजवळची थोडी टेप पूर्ण पुसली जात नाही आणि जुनं-नवं एकत्र दिसतं. ज्या मशीनमधे पुसायचं हेडही ड्रमवर असतं त्यात सांधा स्वच्छ येतो. तुला स्वच्छ नकोय, तेव्हा साधं मशीनच घे.

न्यू जर्सीहून एक वहिनी : लग्नाची कॅसेट इकडे आणली, इथल्या व्हीसीआरमधे चित्र फिरतं. आणि दिराला इथला व्हीसीआर आणि टी-१२० कॅसेटचा खोका भारतात पाठवायचाय, उपयोग होईल का?

वहिनी, डबी सारखी असली तरी आतली पद्धत वेगळी. आपल्याकडे पाल, ६२५ रेघा, सेकंदाला ५० अर्धी चित्रं, अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेघा आणि जवळपास ६०. ड्रमसुद्धा तिकडे वेगळ्या गतीने फिरतो. तिथल्या मशीनमधे आपली कॅसेट लागणार नाही, त्यात कॅसेटचा काही दोष नाही. तुम्हाला दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागेल, आखातात विकले जायचे तसले, किंवा मग पुढच्या भारतवारीत कॅसेट इथेच आणून कॉम्प्युटरवर करून घ्या, मला तेच जास्त सोपं वाटतं.

व्हीसीआर मात्र पाठवू नका. तो १२० व्होल्टचा, इथल्या २३० वर लावला की पहिल्याच मिनिटाला जळेल, ट्रान्सफॉर्मर लावून चालू केला तरी घरातल्या पाल कॅसेट त्यात दिसणार नाहीत. लंडनच्या कुणाकडे पडून असेल तर तो चालेल. पूर्वी मी तोही नको म्हणायचो, कारण तिकडचा ट्यूनर आवाज ६ मेगाहर्ट्झवर शोधतो आणि आपला असतो ५.५ वर, म्हणजे चित्र यायचं पण आवाज नाही, पण आता ट्यूनर वापरायचाच नाहीये म्हटल्यावर ती अडचण संपली. फक्त मागे २१ पिनांचं स्कार्ट सॉकेट असतं त्याचा जोड बरोबर मागवा, ज्यावर इन-आउटचा स्विच असतो तो.

टी-१२० च्या कोऱ्या कॅसेट खुशाल पाठवा. कोऱ्या टेपला पाल-एनटीएससी काही नसतं, नुसती लांबी. तिकडे ती दोन तास चालते, आपल्याकडे टेप हळू सरकते म्हणून तीच पावणेतीन तासांच्या थोडी वर चालते. दिरांना सांगा तीन तास धरून चालू नका, नाटकाचा शेवटचा प्रवेश राहून जाईल.

थोडक्यात राहिलेले :

पट्टी तोडलेल्या कॅसेटवर परत भरायचंय, असं तिघांनी विचारलंय. खाचेवर सेलोटेपचा दुहेरी तुकडा लावा, भरून झालं की काढून टाका.

हेड साफ करायची कॅसेट रोज लावू का, सोलापूरहून. नको. कोरडी क्लीनिंग कॅसेट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, सारखी लावली तर हेड झिजतं. मुंग्या दिसल्या तरच, आणि डबीवर लिहिलेत तेवढेच सेकंद. हाताने करायचं असेल तर प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे भिजवलेला मऊ कातड्याचा तुकडा ड्रमला नुसता टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून हळू फिरवा. कातडं वर-खाली कधीच हलवू नका, हेडचं टोक तुटतं. कानकोरण्याचा कापूस नको, त्याचे तंतू अडकतात, आणि कोऱ्या नोटेने घासणारे तर मी कितीतरी बघितलेत, त्यातली निम्मी हेडं नंतर मलाच बदलावी लागली. नंतर अर्धा तास सुकू द्या.

दोन व्हीसीआर जोडून कॉपी करायचीय, चिपळूणहून. अँटेनाच्या वायरने नको, एव्ही पिनांनीच जोडा. देणाऱ्या मशीनवर ‘एडिट’ लिहिलेला स्विच असेल तर तो चालू करा आणि शार्पनेसची कळ मधोमध ठेवा, नाहीतर दुसऱ्या कॅसेटवर सगळ्या कडांना पांढरी सावली येते. मूळ कॅसेट ज्या मशीनवर जास्त चांगली दिसते ते देणारं करा, आणि भरणाऱ्या मशीनमधे तुमच्याकडची सगळ्यात चांगली ई-१८० घाला.